सेकंडहँड डिझायरला नवे टायर : कोणते माप खरे धरायचे?

गोदातीर :

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०१५ सालची पेट्रोल डिझायर, व्हीएक्सआय, विकत घेतली. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेतले होते. टायर लवकरच बदलावे लागणार हे व्यवहाराच्या वेळीच दिसत होते आणि किमतीत तो खर्च धरलाही होता. पण आता टायर घ्यायला निघाल्यावर मापाचाच प्रश्न उभा राहिला आहे.

चारही चाकांवर जे टायर आहेत त्यांच्यावर १७५/६५ आर १४ ८२ टी असे लिहिलेले आहे. डिकीतल्या स्टेपनीवर मात्र १६५/८० आर १४ ८५ टी असे माप आहे. तिची नक्षी जशीच्या तशी आहे, रबराचे बारीक केससुद्धा गळलेले नाहीत आणि तारखेच्या जागी १८१५ हा आकडा आहे. मुंबई नाक्याजवळच्या दुकानदाराने सांगितले, "जे माप बसलेले आहे तेच घाला, गाडी त्यावर सेट झाली आहे." सातपूरच्या दुकानात १८५/७० आर १४ सुचवले, कारण गाडी रस्त्याला चिकटून चालेल. तिसऱ्याने चारही डिस्क (टायर ज्यावर बसतो ती लोखंडी चाके, म्हणजेच रिम) काढून पंधरा इंची अलॉयच (मिश्रधातूची चाके) बसवून देण्याची तयारी दाखवली.

गाडीचा वापर असा : रोज नाशिक ते इगतपुरी आणि परत. सुट्टीच्या दिवशी सासूसासऱ्यांना घेऊन सप्तशृंगी गड किंवा सुरगाण्याकडचे गाव. त्या वेळी गाडीत पाच माणसे आणि डिकी भरलेली असते. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. जुन्या टायरच्या दोन्ही कडा जवळजवळ गुळगुळीत झाल्या आहेत, मधली नक्षी मात्र बऱ्यापैकी शिल्लक आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त फोरमन :

गोदातीर ताई, सर्वांत आधी स्टेपनी जपून ठेवा, कारण तुमच्या गाडीतला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. १८१५ म्हणजे २०१५ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झालेला टायर. तो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच तिच्यात आला आणि कधी रस्त्याला लागलाच नाही. त्या पिढीच्या डिझायरच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआय प्रकारांना कंपनीने दिलेले माप १६५/८० आर १४ हेच होते. चाकांवर आज जे आहे ते मधल्या कोणीतरी, बहुधा विक्रीआधी गाडी सजवताना, हाताला लागले ते बसवलेले आहे. १७५/६५ आर १४ हे माप होंडा अमेझसारख्या गाड्यांचे आहे. रिम चौदा इंचीच असल्यामुळे ते डिस्कवर चढते, परंतु चढते याचा अर्थ ते त्या गाडीचे माप आहे असा होत नाही.

आता हिशेब पाहू, म्हणजे दुकानात कोणी काही सांगितले तरी तुम्हाला स्वतः पडताळता येईल. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. आर नंतरचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर; वरची आणि खालची बाजू मिळून २६४; त्यात चौदा इंचांचे ३५५.६ मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो. हाच हिशेब १७५/६५ ला लावला तर व्यास ५८३.१ येतो. फरक साडेछत्तीस मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांचा झाला.

सहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण त्यांचे परिणाम रोज दिसतात. व्यासातला निम्मा फरक, म्हणजे अठरा मिलिमीटर, गाडीच्या पोटाखालून गेला. या डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, १७० मिलिमीटर आहे, तो तुमच्याकडे १५२ वर आला; सुरगाण्याकडच्या रस्त्यांवर आणि गावागावांतल्या गतिरोधकांवर पाच माणसांनिशी गाडी खाली घासत असेल तर त्याचे कारण हे आहे. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरासाठी ते जास्त फेरे घेते, आणि स्पीडोमीटर व किलोमीटरचा आकडा दोन्ही फेऱ्यांवरच चालतात. त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ७५ च्या वेगाने असते. मीटरवर शंभर किलोमीटर पडतात तेव्हा खरे अंतर सुमारे ९४ असते. म्हणजे तुम्ही लिटरला २० किलोमीटरचा हिशेब मांडत असाल तर खरे अ‍ॅव्हरेज १८.८ आहे. या टायरवर गाडी जितकी चालली असेल तितके मीटरवरचे किलोमीटरही थोडे फुगलेले असणार, हे सर्व्हिसिंगचे टप्पे ठरवताना ध्यानात असू द्या.

व्यासातला फरक मूळ मापाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा असे सर्वसाधारणपणे मानतात. सहा टक्के हे त्या मर्यादेच्या बरेच बाहेर आहे. "गाडी त्यावर सेट झाली आहे" या म्हणण्याला यांत्रिकदृष्ट्या काही आधार नाही.

पेठरोड :

चालकाचे दार उघडले की मधल्या खांबावर हवेच्या दाबाचे स्टिकर असते, त्यावर कंपनीने मान्य केलेली मापेही असतात. मालकाच्या पुस्तिकेतही तीच असतात. जुनी गाडी घेताना आधी ते स्टिकर पाहावे आणि नंतर टायर पाहावेत.

घाटवाट :

फोरमनकाकांनी व्यासाचा मुद्दा पूर्ण उलगडला आहे, म्हणून मी मापाच्या शेवटी येणाऱ्या ८२ टी आणि ८५ टी यांबद्दल लिहितो. दुकानात टायर निवडताना या अक्षर-आकड्यांकडे कोणी पाहतच नाही आणि मला ते फार खटकते.

टी हे वेगाचे चिन्ह असून त्याचा अर्थ ताशी १९० किलोमीटरपर्यंत असा आहे. तो दोन्हींकडे सारखाच आहे. ८२ आणि ८५ हे भाराचे निर्देशांक आहेत : ८२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४७५ किलो आणि ८५ म्हणजे ५१५ किलो. एका टायरमागे ४० किलोचा, चारांत मिळून १६० किलोचा फरक पडला. कोणी म्हणेल की चार गुणिले ४७५ म्हणजे १९०० किलो होतात आणि भरलेली डिझायरसुद्धा तेवढी जड नसते. ते खरे आहे. पण गाडीचे वजन चार चाकांवर कधीच समान वाटलेले नसते. नांदुरीहून गडाचा घाट उतरताना वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावला की मोठा भार पुढच्या दोन चाकांवर, त्यातही वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या एकाच चाकावर येतो. कंपनीने ८५ निवडताना ही शिल्लक धरलेली असते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे आणि ताईंनी लिहिलेल्या झिजलेल्या कडांचा तिच्याशी थेट संबंध असावा असे मला वाटते. भार टायरपेक्षाही जास्त त्यात कोंडलेली हवा पेलत असते. स्टिकरवर छापलेला दाब हा मूळ मापाच्या, जास्त हवा मावणाऱ्या टायरसाठी ठरवलेला आहे. तोच दाब लहान टायरमध्ये भरला तर तो टायर त्या भारासाठी थोडा कमी फुगलेला राहतो. कमी हवेचा टायर मध्यभागी पोकळ पडून कडांवर चालतो, त्यामुळे दोन्ही कडा आधी जातात. त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात आणि वाकण्याने आतून तापतात. उन्हाळ्यात भर दुपारी महामार्गावर किंवा सिन्नरकडून समृद्धीवर चढून ताशी १२० च्या मर्यादेपर्यंत गाडी नेली की टायर फुटण्याची जी प्रकरणे आपण ऐकतो, त्यांत कमी हवा, जादा भार आणि जुने रबर ही तीन कारणे बहुधा एकत्र आलेली असतात.

म्हणून नवा टायर कोणत्याही मापाचा घ्या, त्याचा भारनिर्देशांक ८५ किंवा त्याहून जास्त आणि वेगाचे चिन्ह टी किंवा त्याच्या वरचे असले पाहिजे. यात तडजोड करू नये.

गोदातीर :

सर्वांचे मनापासून आभार. स्टिकर शोधले. गाडीला विक्रीआधी रंगाचा हात दिलेला असल्यामुळे खांबावरच्या स्टिकरच्या कडेला रंग चढला होता, पण ओल्या फडक्याने हळूहळू पुसल्यावर आकडे वाचता आले. त्यावर १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ अशी दोनच मापे आहेत. १७५/६५ नाही आणि १८५/७० सुद्धा नाही.

झिजलेल्या कडांबद्दल घाटवाट यांनी लिहिले ते पटले. आम्ही स्टिकरवरच्या दाबाप्रमाणेच हवा भरत होतो, तरी कडा का जातात ते कळत नव्हते. आता प्रश्न असा की १८५/७० आर १४ घ्यायला काही हरकत आहे का, आणि पंधरा इंचांवर जाणे आमच्या वापराला योग्य ठरेल का?

सातपूरकर :

मी स्वतः याच गाडीवर १८५/७० आर १४ वापरत आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. व्यास ६१४.६ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा केवळ पाच मिलिमीटरने कमी. फरक एक टक्काही नाही. भारनिर्देशांक ८८, म्हणजे ५६० किलो. मूळ पाच इंच रुंदीच्या रिमवर हा टायर व्यवस्थित बसतो. वळणावर गाडी कमी कलते आणि ब्रेक लावल्यावर पकड जास्त जाणवते. सर्व आकडे मर्यादेत बसत असताना केवळ स्टिकरवर नाही म्हणून तो नाकारावा असे मला वाटत नाही.

निवृत्त फोरमन :

सातपूरकर यांचे आकडे अचूक आहेत आणि हा टायर धोकादायक आहे असे मीही म्हणणार नाही. तरीही ताईंनी तो घेऊ नये असे माझे मत आहे. त्याची कारणे देतो.

वीस मिलिमीटर जास्त रुंद टायर हा वजनालाही जास्त असतो आणि रस्त्यावर जास्त घासतो. लहान पेट्रोल इंजिनाला तो फरक चढावर आणि पंपावर दोन्हीकडे जाणवतो. दुसरे, यांचा रोजचा मार्ग इगतपुरीचा आहे. जून ते सप्टेंबर तिथे रस्त्यावर पाणी साचलेले नसेल असा दिवस विरळा. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी क्षणभर तरंगते. नक्षी आणि हवा सारखीच असेल तर अरुंद टायर पाणी लवकर कापतो आणि रुंद टायर लवकर तरंगतो. कोरड्या रस्त्यावरची पकड सर्वांच्या लक्षात येते, पाण्यावरचा हा फरक मात्र प्रसंग येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे कारण कागदोपत्री आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. टायरच्या किरकोळ फरकावरून रस्त्यात कोणी अडवेल असे नाही, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी पाहायला येतो तेव्हा स्टिकरवर असलेल्या मापाबद्दल वादच उद्भवत नाही. कंपनीने दोन मापे छापून दिलेली असताना तिसऱ्याच्या मागे जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

पंधरा इंचांबद्दल : १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो, मूळ मापापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने जास्त. वरच्या, झेडएक्सआय, प्रकाराला कंपनी हेच माप देत असे, त्यामुळे ते निःशंकपणे चालते. परंतु त्यासाठी चार नवी डिस्क लागतील आणि ती निवडताना केवळ चार नटांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे आहे एवढे पाहून भागत नाही. मधल्या भोकाचा व्यास हबशी (चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या मधल्या भागाशी) जुळावा लागतो, आणि चाक आत-बाहेर किती बसते तेही मूळ डिस्कइतकेच असावे लागते, नाहीतर स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. शिवाय टायरची बाजू १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते. खड्ड्यात गाडी आदळल्यावर रिम वाचवणारी उशी ती बाजूच असते. नाशिकच्या पावसाळ्यातले रस्ते पाहता मी उंच बाजू आणि लोखंडी डिस्क यांनाच पसंती देईन. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ करता येते, स्वस्तातले अलॉय तडकते.

सातपूरकर :

पाण्यावरचा मुद्दा मान्य आहे. माझा वापर शहरातला आणि अंबडपर्यंतचाच आहे, त्यामुळे मला तो जाणवला नसावा. कोरड्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल माझे मत कायम आहे.

देवळालीकर :

माप ठरले असेल तर दुकानात काय पाहावे ते सांगते, कारण योग्य मापाचा पण चार वर्षे गोदामात पडून राहिलेला टायर घेतला तर सगळे श्रम वाया जातात.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. ही पूर्ण ओळ बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते, म्हणून दर्शनी बाजूला दिसली नाही तर टायर उलटून पाहावा. चारही टायरची तारीख स्वतः वाचावी, एकाची वाचून बाकीच्यांची गृहीत धरू नये. मी सहा महिन्यांच्या आतला टायर मागते. एक वर्षापर्यंतचा घ्यायलाही हरकत नसावी. त्याहून जुना असेल तर दुसरा आणायला सांगावे. स्विफ्ट आणि डिझायर रस्त्यावर इतक्या आहेत की १६५/८० आर १४ हे माप सिएट, एमआरएफ, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन यांपैकी कोणाकडेही मिळते. दुकानदार "हे माप आता येत नाही" म्हणाला तर दुसरे दुकान गाठावे.

बाजूवर आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे. मोटारीच्या टायरसाठी ते भारतात सक्तीचे आहे आणि संबंधित मानकाचा क्रमांक आयएस १५६३३ असा आहे. बाण आणि रोटेशन असे लिहिले असेल तर टायर त्या दिशेनेच फिरला पाहिजे. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत, कारण फुगवटा आला किंवा दोष निघाला तर वॉरंटीसाठी तेच लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, तेव्हा भाव विचारताना जुन्या दरपत्रकावर बोळवण होत नाही ना तेही पाहावे.

गोदातीर :

देवळालीकर ताई, हे सगळे लिहून घेतले आहे. शेवटचे दोन प्रश्न. खर्च विभागण्यासाठी आत्ता दोन आणि दोन महिन्यांनी दोन असे केले तर चालेल का, आणि तसे केल्यास नवे पुढे घालावेत की मागे? घरी मतभेद आहेत. आणि न वापरलेल्या स्टेपनीचे काय करावे? ती चार चाकांपैकी एकावर चढवून तीनच टायर घ्यावेत, असे सासरे म्हणतात.

घाटवाट :

स्टेपनीचा प्रश्न आधी. नक्षी नवी असली तरी रबर २०१५ सालचे आहे. रबर वापराविनाही कडक होत जाते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा, असा सल्ला टायर बनवणाऱ्या कंपन्याच देतात. सासऱ्यांना आदरपूर्वक हे सांगावे आणि त्या टायरवर घाट उतरू नये. शक्य असल्यास पाच टायर घ्यावेत. ते जमत नसेल तर जुन्या स्टेपनीकडे जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश पोहोचण्याचे साधन एवढ्याच दृष्टीने पाहावे.

दोन-दोन करण्याबद्दल : एरवी चालले असते, तुमच्या बाबतीत नको. दोन महिने पुढे एका व्यासाची आणि मागे दुसऱ्या व्यासाची चाके राहतील, त्यांत सहा टक्क्यांचा फरक असेल, आणि मागचे टायर कमी भाराचे व कडा गेलेले असतील. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीचे जे आडवे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला नक्षी आली की टायरचे आयुष्य संपले असे धरतात. तुमच्या टायरच्या कडा तिथे केव्हाच पोहोचल्या असाव्यात. चारही एकदम बदला. पैशांची सोय व्हायची असेल तर तोपर्यंत गडावर आणि गावी जाणे थांबवा.

एकाच मापाचे दोन टायर बदलण्याची वेळ पुढे कधी आली तर नवे टायर मागे घालावेत. पुढची चाके गाडी ओढतात म्हणून नवे पुढे, असे बहुतेक दुकानांत सांगतात आणि ते ऐकायला पटतेही. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालक वेग कमी करून तिला आवरू शकतो. मागची पकड सुटली तर गाडीची शेपूट फिरते आणि ती सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

गोदातीर :

घरी सर्वांनी मिळून हा धागा वाचला आणि सासऱ्यांनीच पाच टायर घ्यायचे ठरवले. १६५/८० आर १४ ८५ टी, चार चाके आणि स्टेपनी. नाशिक रोडच्या एका दुकानदाराने दोन दिवसांत ताज्या तारखेचे मागवून देतो असे सांगितले आहे. बसवताना काही विशेष पाहायचे असेल तर कृपया सांगावे.

निवृत्त फोरमन :

ट्यूबलेसचे व्हॉल्व्ह पाचही नवे घालून घ्या, किंमत अगदी थोडी असते आणि जुने रबरी व्हॉल्व्ह मुळाशी तडकून हळूहळू हवा सोडतात. टायर काढल्यावर रिमची कड ब्रशने घासून गंज काढायला सांगा, नाहीतर नवा टायर तिथून हवा सोडेल. बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करणे) पाचही चाकांचे आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) त्याच दिवशी करून घ्या. हवा गाडी थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिला असेल तर गडावर निघण्याआधी तो भरा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला दाब तपासणे त्याहून उपयोगाचे आहे. नट शेवटी हाताच्या पान्याने, समोरासमोरचे आलटूनपालटून आवळून घ्या, आणि साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर नव्या रबरावरचा चकचकीत थर जाईपर्यंत ब्रेक आणि वळणे जरा सांभाळून घ्या, विशेषतः रस्ता ओला असेल तर.